पाऊण इंची व्हॉल्व्ह आणि ३ एप्रिल: बाहेरून आलेला इंजिनिअरिंग डेटा नियमांनी कसा तपासायचा

"अगं, प्लँटला ड्रेन-व्हेंट काढलेच नाहीत की काय?" पाइपिंगवाल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं. त्यांच्या हातात मी काढलेली व्हॉल्व्हची साईझवार गोळाबेरीज होती. एक इंची होते, दोन इंची होते, पाऊण इंची मात्र एकही नाही. केमिकल प्लँटमध्ये ड्रेन (पाइप रिकामा करायची तोटी) आणि व्हेंट (हवा सोडायची तोटी) बहुतेक पाऊण इंचीच असतात, म्हणजे यादी उघडउघड चुकलेली. तक्त्याच्या तळाशी गेल्यावर चोर सापडला. एका ओळीत साईझ लिहिली होती ४५३८५. इंच. एक किलोमीटरहून जास्त व्यासाचे व्हॉल्व्ह, आणि तेही डझनावारी.

३/४ हा मजकूर एक्सेलमध्ये टाइप केला की एक्सेल त्याला तारीख समजतो. भारतीय सेटिंगवर ती ३ एप्रिल होते, आणि आत साठवला जातो तो एक क्रमांक. २०२४ साली टाइप केलं असेल तर ४५३८५, २०२३ साली केलं असेल तर ४५०१९. अमेरिकन सेटिंगवर तेच ३/४ म्हणजे ४ मार्च, म्हणजे २०२४ साठी ४५३५५. एकाच साईझचे तीन वेगळे आकडे, आणि तिन्ही माझ्या तपासणीतून पास झाले असते. कारण साईझसाठी मी लिहिलेला नियम होता, "आकडा हवा आणि तो शून्यापेक्षा मोठा हवा." ४५३८५ शून्यापेक्षा मोठा आहेच की!

वडोदऱ्यात कोयलीच्या रिफायनरीपासून नंदेसरी आणि मकरपुऱ्यापर्यंत कारखाने पसरलेले, त्यामुळे त्यांच्यासाठी डिझाइन करणारी ऑफिसंही गल्लोगल्ली. या ऑफिसांत रोज कुणाची तरी लाइन लिस्ट (पाइपलाइनींची यादी), व्हॉल्व्ह लिस्ट, इन्स्ट्रुमेंट इंडेक्स (मोजणाऱ्या उपकरणांची यादी) येऊन पडते. प्रत्येकाची एक्सेल वेगळी, प्रत्येकाची सवय वेगळी. खाली लिहिलंय ते अशा याद्या डेटाबेसमध्ये घेताना मी आता पाळते त्या क्रमाने. तुमचं काम इलेक्ट्रिकलचं असो की सिव्हिलचं, कॉलमची नावं बदलतील, क्रम बहुधा तोच राहील.

आधी एक गोष्ट ठरवा: रबर कुणाच्या हातात?

काका कलाभवनात शिकलेले. सयाजीरावांनी १८९० साली काढलेली ही संस्था आता विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी असली, तरी जुनी मंडळी तिला कलाभवनच म्हणतात. काका सांगतात, त्यांच्या ड्रॉइंग बोर्डाच्या दिवसांत चेकरकडे दोन पेन्सिली असायच्या. बरोबर ते पिवळ्याने, चूक ते लालने. रबर मात्र नसायचं. चूक दिसली तरी चेकर स्वतः रेघ पुसायचा नाही, खूण करून ड्रॉइंग परत द्यायचा.

व्हॅलिडेशन रूल, म्हणजे डेटा तपासणारा नियम, हाच तो चेकर. ४५३८५ दिसलं की गुपचूप पाऊण इंच करून टाकण्याचा मोह मलाही होतो. पण पाठवणाऱ्याची सेटिंग भारतीय होती की अमेरिकन, हे आपण अंदाजाने धरतो. शिवाय मूळ फाइल तशीच चुकीची राहते आणि पुढच्या रिव्हिजनला तोच घोळ नव्या वेषात परत येतो. म्हणून नियमाने बोट दाखवायचं, दुरुस्ती डेटाच्या मालकाने करायची. याला एकच सवलत आहे, ती पुढे टॅगच्या वेळी सांगते.

पायरी १: फाइल जशी आली तशी ठेवा, ओळी मोजा

आलेली फाइल केवळ वाचण्यासाठी म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. पाठवणाऱ्याकडून ओळींची संख्या लेखी मागा आणि आत आलेल्या ओळींशी ताडून पाहा. हा सगळ्यात साधा नियम, आणि सगळ्यात जास्त वेळा विसरला जाणारा. २०२० साली इंग्लंडमध्ये कोविडच्या सुमारे १६ हजार केसेस अहवालातून गळाल्या, कारण डेटा जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये भरला जात होता आणि त्या प्रकारात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. नव्या प्रकारात ही मर्यादा १०,४८,५७६ आहे. आपल्या याद्या एवढ्या मोठ्या नसतात, पण फिल्टर लावून कॉपी केलेली अर्धी यादी मी दोनदा पाहिली आहे.

पायरी २: सगळं आधी मजकूर म्हणून उतरवा

डेटा थेट खऱ्या टेबलात घालू नका. मधे एक उतारा-टेबल ठेवा, ज्यात प्रत्येक कॉलम मजकूर असेल आणि शेजारी फाइलचं नाव, शीटचं नाव, मूळ ओळीचा क्रमांक असेल. शेवटचा कॉलम विसरलात तर पुढे "तुमच्या यादीत कुठेतरी चूक आहे" एवढंच सांगता येईल.

मजकूरच का? कारण इम्पोर्ट करणारं साधनही एक्सेलसारखंच शहाणपण करतं. कॉलम आकड्यांचा आहे असं त्याने ठरवलं की ०१०१ चं १०१ होतं. वीज वाहणाऱ्या फीडरचं नाव एक, मग इंग्रजी ई, मग शून्य दोन असं असेल तर ते "एक गुणिले दहाचा वर्ग" असं वाचून १०० करतं.

पायरी ३: टॅग आणि लाइन नंबरचा साचा

टॅगला, म्हणजे उपकरणाच्या ओळख-क्रमांकाला, साचा असतो. आयएसए ५.१ या उपकरणांच्या नावांच्या मानकाप्रमाणे पहिलं अक्षर काय मोजतोय ते सांगतं, म्हणजे पी प्रेशर, टी टेंपरेचर, एफ फ्लो, एल लेव्हल. पुढची अक्षरं उपकरण काय करतं ते सांगतात. म्हणून पीटी-११०१ म्हणजे प्रेशर ट्रान्समीटर. साच्याचा नियम असा लिहायचा: दोन ते चार मोठी इंग्रजी अक्षरं, एक डॅश, चार आकडे, हवं तर शेवटी ए किंवा बी.

नियम चालवलात की डोळ्याला अगदी बरोबर दिसणारे टॅग नापास होतील. घाबरू नका, कारणं ठरलेली असतात. वर्डमधून कॉपी केलेला डॅश साधा नसतो, लांब असतो. शून्याच्या जागी इंग्रजी ओ बसलेला असतो. आणि सगळ्यात छळवादी म्हणजे वेब पानावरून किंवा पीडीएफमधून आलेली न तुटणारी स्पेस. ती साध्या स्पेससारखीच दिसते, पण एक्सेलचं ट्रिम तिला काढत नाही, कारण तिचा कोड १६० आणि साध्या स्पेसचा ३२. कोड १६० शोधून त्या जागी साधी स्पेस घालायची आणि मगच ट्रिम चालवायचं.

सवलत म्हणाले ती इथे. टॅगच्या कडेची स्पेस, लांब डॅश, लहान अक्षरं एवढं स्वतः सरळ करायला हरकत नाही, कारण त्याने अर्थ बदलत नाही. मात्र मूळ मजकूर शेजारच्या कॉलममध्ये जसाच्या तसा राहू द्या. ओ आणि शून्य या सवलतीत येत नाहीत. ते विचारायचं.

एकाच टॅगच्या दोन ओळी शोधणं या सफाईनंतर करा, आधी नाही. आधी केलंत तर "पीटी-११०१" आणि "पीटी-११०१ " हे दोन वेगळे ट्रान्समीटर म्हणून सुखाने नांदतील. हाताने चालवायच्या व्हॉल्व्हना बरेचदा टॅगच नसतो. तिथे लाइन नंबर आणि त्या लाइनवरचा अनुक्रमांक मिळून ओळख ठरवा.

पायरी ४: रिकामं म्हणजे नेमकं काय

रिकामा सेल, डॅश, "एनए", "होल्ड", "व्हेंडर देईल", आणि शून्य. हे सगळं एकाच कॉलममध्ये सापडतं आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा. लागू नाही, अजून ठरलेलं नाही, आणि द्यायचं राहिलं, असे तीन कोड ठरवा आणि पाठवणाऱ्यालाही कळवा. शून्याची विशेष काळजी घ्या. डिझाइन टेंपरेचर शून्य अंश सेल्सिअस हे खरंही असू शकतं आणि कुणीतरी रिकामा सेल भरायचा म्हणून टाकलेलंही.

सक्तीचे कॉलम सरसकट ठरवू नका, अटीवर ठरवा. कंट्रोल व्हॉल्व्ह असेल तर हवा गेल्यावर तो उघडा राहणार की बंद, हे लिहिलेलंच हवं. साध्या गेट व्हॉल्व्हला तो प्रश्नच नाही.

डेटाबेसमध्येच नियम बसवणाऱ्यांसाठी एक खड्डा दाखवून ठेवते. एसक्यूएलमध्ये "डिझाइन प्रेशर ऑपरेटिंगपेक्षा कमी नको" अशी चेक अट लावली आणि दोघांपैकी एक रिकामं असलं, तर उत्तर खरंही नसतं, खोटंही नसतं. अशा ओळीला चेक अट आत सोडते. रिकामं चालणार नसेल तर ते वेगळं सांगावं लागतं.

पायरी ५: साईझ, आणि २० चा घोळ

आता पुन्हा व्हॉल्व्हकडे. साईझसाठी "शून्यापेक्षा मोठा" हा नियम फेकून द्या. पाइपच्या साईझ मोजक्या आणि ठरलेल्या आहेत, तेव्हा नियमही "यादीत आहे की नाही" असाच हवा. यादीत इंचाच्या शेजारी डीएन, म्हणजे साईझचं मेट्रिक नाव, लिहा: अर्धा इंच म्हणजे डीएन १५, पाऊण म्हणजे २०, एक म्हणजे २५, दीड म्हणजे ४०, दोन म्हणजे ५०, तीन म्हणजे ८०, चार म्हणजे १००, सहा म्हणजे १५०. गुणाकार करून डीएन काढू नका. चार इंची पाइप १०१.६ मिलिमीटरचा कुठेच नसतो. त्याचा बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर. नाव वेगळं, माप वेगळं.

एकाच यादीत एकच साईझ किती प्रकारे येते ते मजेशीर आहे. दीड इंच घ्या: दशांशात १.५, डॅश घालून १-१/२, आणि मधे स्पेस देऊन १ १/२, ज्याचं एक्सेल परस्पर १.५ करून ठेवतो. मकरपुऱ्याच्या वर्कशॉपमध्ये कानावर पडतं दोढ इंच आणि पोणो इंच, आमच्या घरात दीड आणि पाऊण, आणि जुना फिटर पाऊण इंचाला सहा सूत म्हणून मोकळा होतो. बोलण्यात हे सगळं चालतं, कॉलममध्ये एकच रूप.

यादीचा नियमही एका ठिकाणी हरतो. साईझमध्ये नुसतं २० लिहिलंय आणि युनिटचा कॉलम रिकामा आहे. हे डीएन २०, म्हणजे पाऊण इंच? की २० इंच, म्हणजे डीएन ५००? दोन्ही साईझ खऱ्या आहेत, दोन्ही यादीत आहेत. ३२ आणि ४० चंही तसंच. यावर उपाय दोन. युनिट सक्तीचं करा. आणि भिंतीच्या जाडीशी ताडून पाहा: शेड्यूल ४० या जाडीच्या ठरलेल्या वर्गात पाऊण इंची पाइपची भिंत २.८७ मिलिमीटर, २० इंचीची १५.०९. जाडीचा कॉलम असेल तर खोटं लगेच उघडं पडतं.

पायरी ६: प्रेशर

युनिटच्या चुका दोन जातीच्या. काही ढळढळीत, काही बेमालूम. पीएसआयमधला आकडा बारच्या कॉलममध्ये आला तर तो साडेचौदा पट मोठा असतो, साधी कमाल मर्यादासुद्धा त्याला पकडते. पण किलो प्रति चौरस सेंटिमीटर आणि बार? १० किलो म्हणजे ९.८ बार. दोन टक्क्यांचा फरक कुठलीही मर्यादा पकडणार नाही. इथे नियमाकडून चमत्काराची अपेक्षा नको, युनिट लिहून घेणं हाच नियम.

प्रेशर गेज (बाहेरच्या हवेच्या दाबापासून मोजलेलं) की अ‍ॅब्सोल्यूट (पूर्ण व्हॅक्यूमपासून मोजलेलं), हेही तसंच लिहून घ्या. अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर ऋण असूच शकत नाही, तेव्हा ऋण दिसलं की ओळ तिथेच थांबवा. गेजमध्ये उणे ०.९ बार ठीक आहे, उणे १.५ नाही.

डिझाइन प्रेशरमध्ये "३.५ / एफव्ही" असं येतं, म्हणजे ३.५ बार आणि शिवाय पूर्ण व्हॅक्यूम. आकड्याचा नियम त्याला नापास करतो आणि पाठवणारा चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं. व्हॅक्यूमसाठी वेगळा कॉलम द्या.

पायरी ७: दोन कॉलम समोरासमोर बसवा

खरा माल इथे मिळतो. एकेकटा कॉलम बरोबर असतो, दोन शेजारी ठेवले की भांडण दिसतं. डिझाइन प्रेशर ऑपरेटिंगपेक्षा कमी नको, हे सगळ्यांना सुचतं. त्यापुढचे सांगते.

हायड्रोटेस्टचं, म्हणजे पाणी भरून घेतलेल्या टेस्टचं, प्रेशर: पाइपिंग बी३१.३ या कोडखाली असेल तर डिझाइनच्या किमान १.५ पट, एएसएमई सेक्शन आठ, डिव्हिजन एक या कोडखालच्या व्हेसलला (दाबाच्या टाकीला) १.३ पट. तापमानामुळे दोन्हींत आकडा वर जाऊ शकतो, म्हणून "बरोबर इतका" नाही, "निदान इतका" असा नियम लिहा. हवेने टेस्ट असेल तर पट १.१ होते, तेव्हा टेस्ट पाण्याची की हवेची हा कॉलम आधी वाचायला लावा.

फ्लँजचा (पाइप जोडणाऱ्या कड्याचा) क्लास: बी१६.५ या फ्लँजच्या मानकात कार्बन स्टीलचा क्लास १५० हा ३८ अंशांना १९.६ बार झेलतो, १०० अंशांना १७.७, २०० ला १३.८, ३०० ला १०.२. क्लास ३०० चे आकडे त्याच क्रमाने ५१.१, ४६.६, ४३.८, ३९.८. हा छोटा तक्ता डेटाबेसमध्ये ठेवा आणि प्रत्येक लाइनचं डिझाइन प्रेशर आणि टेंपरेचर त्याला विचारा. २०० अंशांच्या संपृक्त वाफेचं प्रेशरच सुमारे १४.५ बार गेज असतं. म्हणजे अशा स्टीम लाइनवर क्लास १५० लिहिलेला असेल, तर डिझाइनची वाढ धरण्याआधीच तो कमी पडलेला आहे. चार कॉलम, प्रत्येक आपापल्या जागी निर्दोष, आणि ओळ मात्र चूक. हा एक नियम माझ्याकडच्या बाकी सगळ्या नियमांइतकं काम करतो असं मला वाटतं. काकांना हा दाखवल्यापासून ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात.

पायरी ८: याद्या एकमेकींना ओळखतात का

व्हॉल्व्ह लिस्टमधली प्रत्येक लाइन लाइन लिस्टमध्ये हवी. इन्स्ट्रुमेंट इंडेक्समधली प्रत्येक लाइन किंवा व्हेसल कुठेतरी असायला हवी. आत घेण्याचा क्रमही त्यावरून ठरतो: आधी इक्विपमेंट, मग लाइन, मग व्हॉल्व्ह आणि इन्स्ट्रुमेंट. उलट बाजूही तपासा. एकही व्हॉल्व्ह नसलेली लाइन असू शकते, पण अशा चाळीस लाइन दिसल्या तर एखादी शीट यायची राहिली आहे.

पायरी ९: निकाल आणि निरोप

प्रत्येक नियमाला नंबर, मालक आणि जात द्या. जाती तीन पुरे. "थांबवा" म्हणजे ओळ आत जाणार नाही. "विचारा" म्हणजे ओळ आत जाईल, पण उत्तर येईपर्यंत त्यावरून खरेदी नाही. "नोंद" म्हणजे माहितीसाठी. सुरुवातीला सगळंच "थांबवा" करावंसं वाटतं. तसं केलंत तर पंधरा दिवसांत कुणीतरी वरून फोन करून तपासणी बंद करायला लावेल.

निरोपाच्या शब्दांवर वेळ घालवा. "अवैध मूल्य" वाचून कुणाला काय कळणार? माझा आताचा निरोप असा जातो: "व्हॉल्व्ह लिस्ट, रिव्हिजन बी, ओळ ४१२. साईझमध्ये ४५३८५ आहे. ही एक्सेलने केलेली तारीख आहे, ३ एप्रिल २०२४. बहुधा पाऊण इंच अभिप्रेत असावं. खात्री करून कळवावं." अंदाज सांगायचा, पण उत्तर त्यांच्याकडून घ्यायचं.

कधी नियम मोडलेला असूनही ओळ बरोबर असते. तेव्हा सूट द्या. कोणी दिली, का, कधी, कोणत्या रिव्हिजनसाठी हे लिहून. नवी रिव्हिजन आली की सूट संपली.

पायरी १०: नियमांचीही परीक्षा घ्या

वीस ओळींची एक फाइल मुद्दाम बिघडवून ठेवा: तारीख झालेली साईझ, कोड १६० ची स्पेस, ऋण अ‍ॅब्सोल्यूट, लाइन लिस्टमध्ये नसलेली अनाथ लाइन. नियम बदलला की ती चालवा, सगळ्या चुका सापडायला हव्यात. मग पूर्ण झालेल्या एखाद्या जुन्या प्रोजेक्टची चांगली यादी चालवा. निम्म्या ओळी नापास झाल्या तर यादी नाही, नियम चुकला आहे.

नव्या रिव्हिजनला फक्त नवीन आणि बदललेल्या ओळी बघून थांबू नका, गायब झालेल्या ओळी वेगळ्या काढा. रद्द झालेल्या व्हॉल्व्हची ओळ खोडलेली दिसली पाहिजे. नुसती नाहीशी झाली असेल तर विचारा.

पायरी ११: कोरा फॉर्म आपणच द्या

शक्य असेल तर यादी भरायचा नमुना आपणच पाठवावा, टॅग आणि साईझचे कॉलम आधीच टेक्स्ट करून, साईझला ड्रॉपडाउन लावून. ड्रॉपडाउनवर फार विसंबू नका. हाताने टाइप केलेलं तो अडवतो, दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलेलं अडवत नाही, आणि आपल्याकडे यादी टाइप कोण करतं?

सूचनाही नेमकी लिहा. त्या पाऊण इंची प्रकरणात मी पाठवणाऱ्यांना कळवलं होतं, "साईझचा कॉलम कृपया टेक्स्ट करून पाठवावा." दुसऱ्याच दिवशी फाइल आली, कॉलम टेक्स्ट होता. भरलेल्या सेलचा फॉरमॅट तारखेवरून टेक्स्ट केला, की एक्सेल तारीख पुसून तिचा आतला क्रमांक दाखवतो. आधी निदान ०३-एप्रिल दिसत होतं. आता त्यांच्याही पडद्यावर ४५३८५ होतं, टेक्स्टमध्ये, डावीकडे नीट लावलेलं. तेव्हापासून माझ्या नमुन्याच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं: आधी कॉलम टेक्स्ट करा, मग साईझ पुन्हा टाइप करा.